बोगद्यातला डोंगर जातो कुठे?

सहा मीटर व्यासाचा बोगदा एक किलोमीटर खणला, की सुमारे 28 हजार घनमीटर खडक बाहेर येतो. फुटलेला खडक अखंड खडकाच्या जवळपास दीडपट जागा व्यापतो. म्हणजे 42 हजार घनमीटर राडारोडा, दहा घनमीटरच्या डंपरच्या चार हजारांहून जास्त खेपा. गढवालात नदीचं पाणी वळवून वीज करणारे बोगदे दहा-बारा किलोमीटर किंवा त्याहूनही लांब असतात. त्या अरुंद खोऱ्यात एवढा दगड टाकायला सपाट जागा सापडत नाही. डंपर रिकामा करण्याची सर्वांत स्वस्त जागा म्हणजे नदीचा काठ.

या प्रकल्पांत मोठा जलाशय नसतो, बुडीत क्षेत्र थोडं असतं, म्हणून ते निरुपद्रवी असल्याचं सांगितलं जातं. बुडीत क्षेत्रापुरतं ते खरं आहे. नुकसानीची सुरुवात मात्र बांधकामाच्या पहिल्या दिवसापासून होते.

जून 2013 च्या महापुरात अलकनंदेकाठच्या श्रीनगर गावाचा सखल भाग गाळाखाली गेला. चिखल घरांच्या खिडक्यांपर्यंत चढला आणि पाणी ओसरलं तरी हलला नाही. वरच्या अंगाला 330 मेगावॉटच्या जलविद्युत प्रकल्पाने काठावर रचलेला राडारोडा पुराने खाली आणला होता. 2016 मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने कंपनीचा 'दैवी आपत्ती'चा बचाव फेटाळला आणि रहिवाशांसाठी 9 कोटी 26 लाख रुपयांची भरपाई ठरवली. रक्कम लहान असली तरी निकाल मोठा आहे: पूर निसर्गाचा, ढिगारा माणसाचा.

हा ढिगारा टाळण्याचे उपाय नवे नाहीत. जागा आधी ठरवायची, तीही सर्वांत मोठ्या नोंदलेल्या पुराच्या रेषेच्या वर. पायथ्याला तारेच्या जाळीत दगड भरून भिंत घालायची, पावसाचं पाणी वळवायला चर काढायचे, सुरुवातीलाच काढून ठेवलेली वरची माती शेवटी पसरून गवत लावायचं. चांगला खडक फोडून त्याच कामाच्या काँक्रीटसाठी खडी करता येते. हे सारं पर्यावरण मंजुरीच्या कागदात बहुधा असतंच. अडतं ते अंमलबजावणीत, कारण बिल निघतं खणलेल्या मीटरवर. माझ्या मते राडारोडा जागेवर पोचून बसवल्याशिवाय त्या मीटरचे पैसे देऊच नयेत.

पाण्याचं दुखणं याहून खोल आहे. डिसेंबर 2009 मध्ये तपोवन-विष्णुगाड प्रकल्पाच्या बोगद्यात, जोशीमठजवळ, खणणाऱ्या यंत्राने पाणी धरून ठेवणारा थर फोडला. सेकंदाला 700 ते 800 लिटर पाणी वाहू लागलं. दिवसाला सहा ते सात कोटी लिटर. डोंगराच्या पोटात साठलेलं हे पाणी. गढवालातल्या गावांचं पिणं अशाच साठ्यांतून झिरपणाऱ्या धाऱ्यांवर, म्हणजे झऱ्यांवर, चालतं. खोदकामाच्या तोंडापुढे आगाऊ छिद्रं पाडून पाण्याचा अंदाज घेणं, फटींत सिमेंटचं द्रावण दाबून भरणं, सुरुंगात दारू कमी ठेवणं, एवढ्याने धोका कमी होतो, संपत नाही. म्हणून खणण्याआधीच वरच्या गावांतल्या प्रत्येक धाऱ्याची धार उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात मोजून ठेवायला हवी. नोंद नसेल तर आटलेल्या धाऱ्याची जबाबदारी कुणावरच येत नाही.

बोगदा पुरा झाला की बंधाऱ्यापासून वीजगृहापर्यंतचं पात्र कोरडं पडण्याची वेळ येते. ऑक्टोबर 2018 च्या केंद्रीय अधिसूचनेने उगमापासून हरिद्वारपर्यंतच्या गंगेत किमान प्रवाह ठरवला: नोव्हेंबर ते मार्च सरासरीच्या 20 टक्के, ऑक्टोबर, एप्रिल आणि मे महिन्यांत 25, पावसाळ्यात 30. हिवाळ्यातल्या आधीच बारीक झालेल्या प्रवाहाचा पाचवा भाग माशांना पुरेल, यावर माझा विश्वास बसत नाही.

आणि काही ठिकाणी कसलीच काळजी पुरत नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशावरून नेमलेल्या, रवी चोप्रा यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने 24 प्रस्तावित प्रकल्प तपासून 2014 मध्ये त्यांपैकी 23 प्रकल्पांनी भरून न येणारी हानी होईल असं सांगितलं. भिंती, चर, छिद्रं यांची चर्चा त्या यादीबाहेरच्या जागांपुरतीच करायला हवी.