छोटी गाडी ऑइल खाते तेव्हा

पेट्रोल इंजिन थोडे ऑइल जाळतेच. पिस्टन खाली-वर होताना सिलिंडरच्या भिंतीवर ऑइलचा पातळ थर राहतो. रिंगा तो खरवडून खाली सारतात, तरी थोडासा वरच उरतो आणि पेट्रोलबरोबर जळून जातो. त्यामुळे ऑइल कमी होणे हा आजार नाही; किती किलोमीटरला किती कमी झाले, यावर सारे ठरते. पंधरा-वीस वर्षांच्या छोट्या गाडीत १००० किलोमीटरला दोन-तीनशे मिलिलिटर कमी होत असेल तर काळजी नको. अर्ध्या लिटरच्या पुढे गेले की कारण शोधावे. लिटरभर लागत असेल तर शोध पुढे ढकलता येत नाही, कारण मारुती ८०० किंवा जुन्या आल्टोच्या इंजिनात एकूण ऑइल जेमतेम तीन लिटर असते. लिटर गेले म्हणजे तिसरा हिस्सा गेला.

मारुती ८०० डिसेंबर १९८३ मध्ये रस्त्यावर आली आणि जानेवारी २०१४ मध्ये तिचे उत्पादन थांबले. आल्टो २००० साली आली. उत्तर नागपुरात जरीपटक्याच्या गल्ल्यांमध्ये या दोन्ही गाड्या एमएच-३१ च्या पाट्या लावून अजून उभ्या दिसतात. गाडीला पंधरा वर्षे झाली की पुन्हा पासिंग करावे लागते. त्याचे शुल्क १ एप्रिल २०२२ पासून ६०० रुपयांवरून ५००० झाले, तेव्हापासून पासिंगच्या तोंडावर इंजिनाची चौकशी जास्तच होऊ लागली. गॅरेजात ठरलेले वाक्य ऐकू येते, "गाडी ऑइल खाते, इंजिनाचे काम निघाले." ते खरे असू शकते. पण पुष्कळदा इंजिन उघडण्याआधी तपासायच्या चार-पाच गोष्टी तपासलेल्याच नसतात.

पहिली गोष्ट मोजमापाची. गाडी सपाट जागी उभी करून इंजिन बंद केल्यावर दहा मिनिटे थांबायचे, म्हणजे वर चढलेले ऑइल चेंबरमध्ये उतरते. डिपस्टिक पुसून पुन्हा पूर्ण आत घालायची आणि मग पाहायची. ऑइल वरच्या खुणेपर्यंत भरून किलोमीटर लिहून ठेवायचे. दर दोन-तीनशे किलोमीटरला त्याच जागी, शक्यतो सकाळी इंजिन थंड असताना, पुन्हा पाहायचे आणि जेवढे घालावे लागले तेवढे मापाने लिहायचे. १००० किलोमीटरनंतर हाती आकडा येतो. "मागच्या महिन्यात डबा आणला होता, संपला" हा आकडा नव्हे. मीटरजवळचा लाल ऑइलचा दिवाही या कामाचा नाही. तो दाब पडल्यावर लागतो, पातळी घसरल्यावर नाही. तो लागेपर्यंत बेअरिंगांनी कोरडे फिरणे सुरू केलेले असते.

मोजताना दोन गोष्टी फसवतात. एक म्हणजे जास्त भरलेले ऑइल. सर्व्हिसिंगमध्ये डबा अर्धा ठेवण्यापेक्षा ओतून मोकळे होण्याची सवय असते. वरच्या खुणेपेक्षा बरेच वर गेलेले ऑइल क्रँकशाफ्टने घुसळले जाते, त्याचा फेस होतो आणि ते ब्रीदरवाटे एअर फिल्टरकडे जाते. ते इंजिनाने खाल्लेले नसते, बाहेर टाकलेले असते. दुसरी फसवणूक जास्त खोल आहे. जरीपटक्याहून सीताबर्डी सहा-सात किलोमीटर. घर, शाळा, दुकान एवढ्याच फेऱ्या असतील तर थंडीच्या दिवसांत इंजिन पुरते तापतच नाही आणि न जळालेले पेट्रोल रिंगांच्या बाजूने ऑइलमध्ये उतरते. जेवढे ऑइल जळाले तेवढे पेट्रोल मिसळल्यामुळे डिपस्टिकवर पातळी जागेवर दिसते. मग एखाद्या रविवारी गाडी अमरावतीला जाते, दीडशे किलोमीटरच्या तापलेल्या धावेत ते पेट्रोल उडून जाते आणि संध्याकाळी पट्टी निम्मी कोरडी. मालकाला वाटते, गाडीने एका दिवसात अर्धा लिटर प्यायले. प्रत्यक्षात ते दोन महिन्यांत गेलेले असते. थर्मोस्टॅट काढून टाकलेल्या गाडीत हे हमखास होते. उन्हाळ्यात गाडी तापते म्हणून थर्मोस्टॅट काढायचा जुना रिवाज आपल्याकडे आहे. त्याने तापण्याचे मूळ कारण तसेच राहते आणि हिवाळ्यात इंजिन कायम अर्धे थंड चालते.

खप खरा ठरला तर ऑइल जायला दोनच वाटा: बाहेर गळणे किंवा आत जळणे. गळती आधी पाहावी, कारण ती स्वस्तात सुटते. रात्री गाडीखाली मोठा पुठ्ठा पसरावा आणि पुढच्या चाकांच्या जागा त्यावर खुणेने दाखवाव्यात. सकाळी डाग कुठे पडला त्यावरून गळतीचा साधारण पत्ता लागतो. इंजिनावर जुना काळा चिखल असेल तर तो आधी धुऊन काढल्याशिवाय काही कळत नाही. स्वच्छ, कोरड्या इंजिनावर सांध्यांवर टाल्कम पावडर भुरभुरवून पंधरा-वीस किलोमीटर गाडी फिरवली की ओली रेघ जिथून निघाली तिथे बोट ठेवता येते. शोध नेहमी वरून खाली करावा. टॅपेट कव्हरच्या पॅकिंगमधून निघालेले ऑइल ओघळत खाली येते आणि चेंबरचे पॅकिंग गेले असे वाटते. टॅपेट कव्हरनंतर कॅमचे सील, कार्बोरेटरवाल्या गाडीत डिस्ट्रिब्यूटरचे रबरी कडे, ऑइल प्रेशरचा स्विच, फिल्टर, क्रँकचे पुढचे सील, असा क्रम धरावा. क्रँकचे मागचे सील गेले की ऑइल इंजिन आणि गिअरबॉक्सच्या जोडावरून थेंबाथेंबाने पडते आणि पुढे क्लच घसरू लागतो. ते बदलायला गिअरबॉक्स उतरवावा लागतो, म्हणून क्लचप्लेटचे काम निघेल तेव्हा ते सोबत उरकणे शहाणपणाचे. काही गळत्या उभ्या गाडीत दिसतच नाहीत. इंजिन फिरताना दाब असेल तेव्हाच सुटतात, आणि मागच्या दिक्कीच्या दारावर बसलेली तेलकट धूळ तेवढी त्यांची खूण असते.

ब्रीदरची वाट बहुतेकांच्या नजरेतून सुटते. रिंगांच्या बाजूने थोडा वायू नेहमीच खाली चेंबरमध्ये उतरतो. तो पीसीव्ही व्हॉल्व्ह आणि रबरी नळीवाटे पुन्हा इंजिनात ओढला जाऊन जळावा अशी रचना असते. व्हॉल्व्ह काजळीने चोंदला किंवा नळी आतून बुजली की चेंबरमध्ये दाब वाढतो. तो दाब धडधाकट सीलमधूनही ऑइल बाहेर ढकलतो आणि एअर फिल्टरकडे ऑइलची वाफ पाठवतो. फिल्टरचा कागद तेलाने माखलेला दिसला तर आधी ही नळी काढून फुंकून पाहावी. चालू इंजिनाचे ऑइलचे झाकण उघडून त्यावर तळहात धरला तर निरोगी इंजिनात किंचित ओढ किंवा हलकी हवा लागते. हाताला धडधड भपके लागले तर नळी बंद आहे किंवा रिंगा गेल्या आहेत. नळी आणि व्हॉल्व्ह स्वच्छ करणे अर्ध्या तासाचे काम. तेवढ्यावर खप निम्मा झालेली इंजिने असतात, त्यामुळे ते न करता हेड उतरवण्याची घाई करू नये.

आत जळणाऱ्या ऑइलचा धूर निळसर असतो आणि त्याला जळक्या तेलाचा वास येतो. काळा धूर जास्तीच्या पेट्रोलचा. थंडीत सकाळी दिसणारी आणि लगेच विरणारी पांढरी वाफ पाण्याची; ती गाडी तापल्यावरही थांबली नाही तर कूलंट जळत आहे. निळ्या धुरात रंगापेक्षा वेळ जास्त बोलते. रात्रभर उभी असलेली गाडी सकाळी सुरू होताना एक निळा भपका सोडून साफ होत असेल तर व्हॉल्व्ह सील वाळून कडक झालेली असतात, आणि हेडमधले ऑइल व्हॉल्व्हच्या दांड्यावरून रात्री आत झिरपलेले असते. नागपूर–छिंदवाडा रस्त्यावर सिल्लेवानी घाट आहे. तो उतरताना अॅक्सिलरेटरवरून पाय काढून गाडी गिअरमध्ये उतरू दिली आणि तळाला पुन्हा अॅक्सिलरेटर दाबला की मागच्या गाडीवाल्याला निळा ढग दिसतो. उतारावर इंजिनात मोठी पोकळी तयार होते आणि ती सैल सील व गाइडमधून ऑइल शोषून घेते. याउलट चढावर, भरल्या गाडीत, जोर लावताना सतत धूर निघत असेल तर बोट रिंगांकडे जाते. मात्र १००० किलोमीटरला अर्धा लिटर ऑइल म्हणजे त्याच अंतरात जळणाऱ्या पन्नास-साठ लिटर पेट्रोलच्या जेमतेम एक टक्का. तेवढ्याचा धूर पुष्कळदा दिसतही नाही. धूर नाही म्हणून ऑइल जळत नाही, असे नाही.

त्यानंतर प्लग काढून पाहावेत. तीन सिलिंडरच्या इंजिनात दोन प्लग विटकरी-राखाडी आणि तिसरा ओला काळा असेल तर निम्मे निदान तिथेच झाले. मग कॉम्प्रेशन. इंजिन गरम, सगळे प्लग काढलेले, इग्निशन तोडलेले, अॅक्सिलरेटर पूर्ण दाबलेला आणि बॅटरी चांगली, अशा स्थितीत गेज लावून स्टार्टर मारायचा. या इंजिनांत दर चौरस सेंटिमीटरला साधारण १२ ते १४ किलो दाब यावा आणि सिलिंडरांमधला फरक किलोच्या आत असावा. एखादे सिलिंडर कमी निघाले तर प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल घालून पुन्हा पाहायचे. दाब चढला तर रिंगा झिजल्या आहेत, कारण ऑइलने ती फट तात्पुरती बुजवली. तसाच राहिला तर व्हॉल्व्ह बसत नाहीत.

इथे एक मोठी गल्लत होते. कॉम्प्रेशन चांगले आले की "रिंगा ठीक आहेत" असा निकाल दिला जातो. पिस्टनवर तीन रिंगा असतात. वरच्या दोन मुख्यतः दाब धरतात. तिसरी, ऑइल रिंग, भिंतीवरचे ऑइल खरवडून पिस्टनमधल्या बारीक भोकांतून परत खाली पाठवते. ती खाचेत काजळीने चिकटली किंवा मागची भोके बुजली तर कॉम्प्रेशन पूर्ण भरते आणि ऑइल तरी जळतच राहते. हे फक्त म्हाताऱ्या गाड्यांचे दुखणे नाही. टोयोटाच्या २.४ लिटर इंजिनाच्या २००७ ते २००९ च्या कॅमरी गाड्यांत असाच खप निघाला आणि अमेरिकेत कंपनीने वाढीव वॉरंटीखाली पिस्टन-रिंगा बदलून दिल्या. जुन्या छोट्या गाडीत रिंग चिकटते ती बहुधा लांबवलेल्या ऑइल बदलामुळे आणि तापण्यामुळे. नवतप्यात नागपूरचा पारा ४५ च्या वर जातो. त्यात रेडिएटर कूलंटऐवजी नळाचे पाणी भरलेला, आतून क्षार धरलेला आणि पंखा उशिरा लागणारा. इंजिन एकदा जरी उकळले तरी व्हॉल्व्ह सीलचे रबर कडक होते आणि पिस्टनवरच्या ऑइलची काजळी होते. फिल्टरच्या फाटक्या कडेतून शिरणारी धूळ भिंत झिजवते ती वेगळीच.

चिकटलेल्या रिंगेवर आधी औषध करून पाहावे. प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये काजळी विरघळवणारे द्रव थोडे घालून रात्रभर ठेवतात. सकाळी प्लग न लावताच स्टार्टर मारून ते उडवून टाकतात आणि मग ऑइल बदलतात. प्लग लावून स्टार्टर मारला तर द्रव दाबला न गेल्याने कनेक्टिंग रॉड वाकू शकतो. हा उपाय कधी लागू पडतो, कधी नाही. घट्ट ऑइल, म्हणजे १०डब्ल्यू-३० च्या जागी २०डब्ल्यू-५०, नागपूरच्या उन्हाळ्यात जुन्या सैल इंजिनाला चालते आणि खप थोडा घटतो. नव्या, बारीक ऑइलमार्गांच्या इंजिनात हा प्रयोग करू नये.

व्हॉल्व्ह सील बदलायला हेड उतरवलेच पाहिजे असे नाही. पिस्टन वर येण्याआधी प्लगच्या भोकातून मऊ दोरीची वेटोळी आत सोडतात आणि क्रँक हाताने फिरवतात. दोरी पिस्टन आणि हेडच्या मध्ये दाबली जाऊन व्हॉल्व्हला खालून आधार देते. मग रॉकर काढून स्प्रिंग दाबायची, दोन इवले कॉटर चिमट्याने उचलायचे, जुने सील खेचून नवे बसवायचे. जुने सील नखाखाली प्लास्टिकसारखे टणक लागते, नवे दबते. गाइडच ढिले असतील तर नवे सीलही फार दिवस टिकत नाही. तेव्हा हेड लेथवाल्याकडे द्यावे.

रिंगांचे काम सर्वांत खर्चाचे आणि सर्वांत जास्त बिघडवले जाणारे. जुन्या सिलिंडरमध्ये नुसत्या नव्या रिंगा टाकून काम संपत नाही. सिलिंडर वरच्या टोकाला जास्त झिजतो, तिथे नखाला अडकणारी कड तयार होते. बोअर गेजने वर, मध्ये, खाली आणि आडवे-उभे मोजून गोलाई तपासावी. मारुती ८०० चा मूळ बोअर ६८.५ मिलिमीटर. झीज मर्यादेत असेल तर होनिंग करून भिंतीवर तिरक्या बारीक रेघा उमटवतात. ऑइल त्यांतच धरून राहते आणि रिंगा तिथेच बसतात. झीज जास्त असेल तर बोअर ०.२५ किंवा ०.५० मिलिमीटर मोठा करून त्याच मापाचे पिस्टन घालायचे. रिंग सिलिंडरमध्ये आडवी बसवून तिच्या तोंडाची फट फिलर गेजने मोजली जाते की नाही, एवढे पाहिले तरी मेकॅनिकची पारख होते.

हिशेबही मांडून पाहण्यासारखा आहे. वर्षाला ६००० किलोमीटर फिरणाऱ्या गाडीने १००० ला अर्धा लिटर घेतले तर वर्षाचे जास्तीचे ऑइल तीन लिटर. त्याचा खर्च इंजिनाच्या कामाच्या जवळपासही जात नाही. प्लग वारंवार मरत नसतील आणि पीयूसी मिळत असेल तर अशा गाडीत महिन्यातून दोनदा पट्टी पाहणे आणि ऑइल घालत राहणे हाच व्यवहार. मात्र इंजेक्शनच्या गाडीत जळणारे ऑइल कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आणि ऑक्सिजन सेन्सर खराब करते, तो खर्चही यात धरावा लागतो. समृद्धी महामार्गावर नेण्याआधी तर पट्टी पाहिलीच पाहिजे. चार गिअरची ८०० ताशी शंभराने तासन् तास पळते तेव्हा इंजिनाचे फेरे चढेच राहतात आणि शहरात अर्धा लिटर घेणारी गाडी तिथे त्याहून बरेच मागते.

रिंगा टाकल्यावर पहिले १००० किलोमीटर वेग सतत बदलता ठेवतात, पूर्ण अॅक्सिलरेटर दाबत नाहीत आणि गाडी उभी ठेवून इंजिन चालू सोडत नाहीत. या काळात साधे मिनरल ऑइल घालतात आणि ते लवकर काढतात. काढलेल्या ऑइलात रिंगा-भिंतीच्या घासणीतला धातूचा चुरा चमकताना दिसतो. रिंगा बसेपर्यंत ऑइल थोडे कमी होतेच, म्हणून त्या १००० किलोमीटरचा आकडा हिशेबात न घेता दुसऱ्या ऑइलवर पुन्हा पहिल्यापासून मोजायला घेतात.