मॅनिफोल्ड बदलला की जुनी गाडी पळू लागते?

जुनी गाडी बाळगणाऱ्या माणसाला सल्ल्यांची वाण कधीच नसते. कोणी प्लग बदलायला सांगतो, कोणी तेल. गॅरेजमधला एखादा जाणकार मात्र गंभीर चेहरा करून म्हणतो, "मूळचा मॅनिफोल्डच बेकार आहे. ॲल्युमिनियमचा, मोठ्या तोंडाचा बसवा, मग बघा पिकअप!" अकरावीतल्या एका विद्यार्थ्याने आम्हाला हाच प्रश्न विचारला. घरच्या जुन्या गाडीवर असा खर्च करायचा घाट घातला जात होता आणि पैसे तर बेताचेच होते. "सर, एक नळी बदलून गाडी खरंच पळेल का?" नुसते 'हो' किंवा 'नाही' म्हणून भागणार नव्हते. पण शाळेत शिकलेल्या भौतिकीवर या प्रश्नाचे उत्तर बऱ्याच अंशी काढता येते. कसे, ते पाहू या.

इंजिनाचा श्वास

पेट्रोल इंजिनात दट्ट्या खाली जाताना सिलिंडरमध्ये दाब कमी होतो आणि बाहेरची हवा आत शिरते. वाटेत तिला हवागाळणी, कार्बुरेटर, मॅनिफोल्डच्या नळ्या आणि शेवटी झडप असे टप्पे ओलांडावे लागतात. मॅनिफोल्ड म्हणजे एका कार्बुरेटरमधून निघालेली वाट अनेक सिलिंडरांपर्यंत वाटून देणारा ओतीव फाटा.

१ ग्रॅम पेट्रोल पूर्ण जळायला सुमारे १४.७ ग्रॅम हवा लागते. म्हणून दर फेऱ्याला जेवढी जास्त हवा आत जाईल तेवढे जास्त पेट्रोल जाळता येते आणि तेवढी जास्त ताकद मिळते. मॅनिफोल्ड स्वतः ताकद निर्माण करत नाही. तो फार तर श्वास मोकळा करतो.

अडथळ्यांची बेरीज

बाहेरच्या हवेचा दाब १०० एकक धरू. समजा, इंजिन जोरात फिरत असताना वाटेत १० एकक दाब खर्ची पडतो: गाळणीत १, कार्बुरेटरमध्ये ३, मॅनिफोल्डमध्ये २ आणि झडपेपाशी ४. (हे आकडे केवळ उदाहरणासाठी धरले आहेत.) म्हणजे सिलिंडरला ९० एककांची हवा मिळाली. आता नवा मॅनिफोल्ड बसवून त्यातला अडथळा निम्मा केला. सिलिंडरला ९१ एकक मिळतील. फायदा झाला एक टक्क्याच्या आसपास!

आणि हाही जोरात फिरणाऱ्या इंजिनाचा हिशोब आहे. नळीतून खळाळत जाणाऱ्या हवेला होणारा अडथळा तिच्या वेगाच्या साधारण वर्गाच्या प्रमाणात असतो. इंजिनाचे फेरे निम्मे केले की अडथळा चौथाई होतो. मग मॅनिफोल्डमध्ये मुळात अर्धाच एकक खर्ची पडत होता. त्यातला निम्मा वाचवून हाती काय लागणार? गावातल्या रस्त्यावर सावकाश चालणाऱ्या गाडीला हा फायदा जाणवणारही नाही.

मात्र हाच हिशोब उलटही करून पाहावा. मॅनिफोल्डचा अडथळा २ ऐवजी ८ एकक असता, तर तो निम्मा करून ४ एकक वाचले असते, आणि तो फायदा दुर्लक्ष करण्याजोगा नाही. म्हणून 'मॅनिफोल्ड चांगला की वाईट' असे न विचारता 'या इंजिनाचा श्वास नेमका कुठे अडतो आहे' असे विचारावे.

या प्रश्नावर अमेरिकेत एक उद्योगच उभा राहिला. लॉस एंजेलिसच्या व्हिक एडेलब्रॉक यांनी १९३८च्या सुमारास फोर्डच्या व्ही-८ इंजिनासाठी स्वतः मॅनिफोल्ड तयार केला आणि पुढे तो विकायलाही सुरुवात केली. मोठ्या व्ही-८ इंजिनांवर कारखान्यातून अनेकदा स्वस्त, जड, ओतीव लोखंडाचे आणि लहान कार्बुरेटरचे मॅनिफोल्ड येत. तिथे अडथळा खरोखरच मोठा होता, त्यामुळे बदलाला अर्थ होता.

हवेलाही जडत्व असते

आतापर्यंत आपण हवा पाण्यासारखी सुरळीत वाहते असे मानले. प्रत्यक्षात झडप सतत उघडते आणि मिटते, त्यामुळे नळीतली हवा धक्क्याधक्क्याने चालते. येथे आणखी एक गंमत घडते.

दट्ट्या वेगाने खाली जातो तेव्हा झडपेपाशी विरलन होते. हे विरलन ध्वनीच्या वेगाने नळीतून उलट दिशेला जाते. नळीच्या उघड्या तोंडाशी ते परावर्तित होते आणि परतताना संपीडन होऊन येते. हे संपीडन झडप मिटण्यापूर्वी नेमके येऊन पोहोचले, तर ते थोडी जादा हवा आत ढकलते. वेळ साधणे हे यातले मर्म आहे.

याचे उत्तम उदाहरण म्हणजे अमेरिकेतील क्रायस्लर कंपनीची १९६० सालची ३००-एफ ही मोटार. तिच्या ४१३ घन इंचांच्या (सुमारे ६.८ लिटर) इंजिनावर ३० इंच, म्हणजे ७६ सेंटिमीटर लांबीच्या नळ्या होत्या. त्या इतक्या लांब होत्या की एका बाजूचा कार्बुरेटर इंजिनाच्या दुसऱ्या बाजूच्या सिलिंडरांना हवा पुरवी!

आता गणित करू. जाऊन-येऊन अंतर १.५२ मीटर. कोमट हवेत ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३५० मीटर. म्हणजे तरंग परतायला ४.३ मिलिसेकंद लागले. मिनिटाला २८०० फेऱ्यांना एका फेऱ्याला २१.४ मिलिसेकंद लागतात. तेव्हा ४.३ मिलिसेकंद म्हणजे फेऱ्याचा पाचवा हिस्सा. दट्ट्याचा खाली जाण्याचा प्रवास अर्ध्या फेऱ्याचा असतो आणि त्याच्या साधारण मध्यावर दट्ट्या सर्वांत वेगात असतो. तेथून पाचवा हिस्सा पुढे गेलो की आपण तळाशी, झडप मिटण्याच्या थोडे आधी पोहोचतो. अगदी हव्या त्या वेळी! या इंजिनाचे सर्वाधिक आघूर्ण (टॉर्क), म्हणजे बोलीभाषेतली 'ओढ', २८०० फेऱ्यांनाच मिळत असे: ४९५ फूट-पौंड, म्हणजे सुमारे ६७० न्यूटन-मीटर.

तेच इंजिन ५००० फेऱ्यांनी फिरू लागले की एका फेऱ्याला १२ मिलिसेकंदच लागतात. ४.३ मिलिसेकंद म्हणजे आता फेऱ्याचा तिसऱ्याहून मोठा हिस्सा. तरंग परतेपर्यंत दट्ट्या वर चढू लागलेला असतो आणि झडप मिटण्याच्या बेतात असते. पाहुणे आले, पण पंगत उठली!

म्हणून शर्यतप्रेमींसाठी कंपनीने आखूड नळ्यांचाही पर्याय ठेवला. बाहेरून दोन्ही मॅनिफोल्ड सारखेच दिसत, पण या दुसऱ्यात शेजारच्या नळ्यांमधली भिंत काढून परिणामी लांबी १५ इंच केलेली होती. लांब नळ्यांचे इंजिन ५००० फेऱ्यांना ३७५ अश्वशक्ती देई, तर आखूड नळ्यांचे ५२०० फेऱ्यांना ४००. पण आखूड नळ्यांच्या इंजिनाचे सर्वाधिक आघूर्ण ४६५ फूट-पौंडांवर उतरले आणि तेही ३६०० फेऱ्यांना मिळू लागले. वरच्या फेऱ्यांना कमावले, खालच्या फेऱ्यांना गमावले.

चाणाक्ष विद्यार्थी येथे अडवतील: "लांबी निम्मी झाली, तर फेरे दुप्पट, म्हणजे ५६०० व्हायला हवेत. मग ३६००च का?" प्रश्न रास्त आहे. झडपेपर्यंतची इंजिनाच्या डोक्यातली वाट तेवढीच राहिली होती. शिवाय झडपा कधी उघडतात आणि मिटतात, इतर अडथळे किती, यांवरही आघूर्ण अवलंबून असते. आणखी एक गोष्ट म्हणजे ४०० अश्वशक्तीच्या इंजिनात मॅनिफोल्डशिवाय इतरही भाग बदललेले होते. त्यामुळे सगळी वाढ एकट्या मॅनिफोल्डच्या खात्यावर टाकता येत नाही.

वर्गात करून पाहा

एका रिकाम्या बाटलीच्या तोंडावरून आडवी फुंकर मारा. सूर ऐकू येईल. आता जाड कागदाची तितक्याच रुंदीची नळी करून बाटलीच्या तोंडावर घट्ट बसवा आणि पुन्हा फुंका. सूर खाली उतरेल. मान लांब केली की तिच्यातली जादा हवा हलवायला वेळ लागतो आणि कंपने सावकाश होतात. जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झ (१८२१-१८९४) यांनी अशा पोकळ्यांचा सखोल अभ्यास केला. आपल्या इंजिनात सिलिंडर ही बाटली आणि मॅनिफोल्डची नळी ही मान. लांब मान सावकाश फिरणाऱ्या इंजिनाला मानवते, आखूड मान वेगाने फिरणाऱ्या.

दोन्ही फायदे एकाच वेळी मिळावेत म्हणून पुढे अनेक कंपन्यांनी फेऱ्यांनुसार नळीची लांबी बदलणारे मॅनिफोल्ड बनवले. २००१ साली बीएमडब्ल्यूच्या व्ही-८ इंजिनात ही लांबी सलग कमी-जास्त होऊ लागली.

मोठ्या तोंडाचे तोटे

कार्बुरेटरच्या गाडीत मॅनिफोल्डमधून नुसती हवा जात नाही, पेट्रोलचे बारीक थेंबही जातात. नळी फार रुंद केली की सावकाश चालताना हवेचा वेग घटतो, थेंब भिंतीवर बसतात आणि काही सिलिंडरांना पेट्रोल कमी, काहींना जास्त मिळते. इंजिन अडखळते, पेट्रोलही जास्त पिते. अनेक मूळ मॅनिफोल्डना धुराच्या उष्णतेने शेक मिळण्याची सोय असते. ती नव्यात नसेल, तर थंडीत गाडी सुरू करताना त्रास होतो. काही गाड्यांत थोडा धूर पुन्हा आत सोडून नायट्रोजनची ऑक्साइडे कमी केली जातात. ती वाट बंद झाली की प्रदूषण वाढते.

मग फरक जाणवतो तो कशाचा?

"पण बदलल्यावर गाडी खरेच सुधारली!" असे शपथेवर सांगणारे भेटतात. ते खोटे बोलत नाहीत. मॅनिफोल्ड बदलताना जुनी गॅस्केटे जातात, त्यांतून आत शिरणारी चोरटी हवा थांबते, कार्बुरेटर साफ होतो, मिश्रण नव्याने जुळवले जाते. यांतले प्रत्येक काम गाडी सुधारते, पण श्रेय मिळते नव्या चकचकीत भागाला. त्यात पैसे खर्च केलेल्या माणसाचे मन भर घालते. प्रयोगात एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हा धडा प्रयोगशाळेइतकाच गॅरेजलाही लागू आहे.

त्या विद्यार्थ्याला आम्ही एक क्रम सुचवला. आधी गाळणी, प्लग आणि कार्बुरेटर तपासून घ्या. सिलिंडरांचे कॉम्प्रेशन मोजा. गॅस्केटमधून हवा शिरत नाही ना, ते पाहा. मग मॅनिफोल्डला दाबमापक जोडून, थ्रॉटल पूर्ण उघडा ठेवून, चढावर गाडी चालवा. तेव्हाही मापक बरीच पोकळी दाखवत असेल, तर श्वास मॅनिफोल्डच्या आधीच, गाळणीत किंवा कार्बुरेटरमध्ये अडतो आहे आणि नुसता मॅनिफोल्ड बदलणे व्यर्थ आहे. एवढे करून त्याच चढावर, तेवढीच माणसे बसवून, त्याच गिअरमध्ये ताशी ३० ते ५० किलोमीटर वेग गाठायला लागणारा वेळ घड्याळ लावून पाच वेळा मोजा आणि सरासरी लिहून ठेवा. जुना मॅनिफोल्ड तडकला किंवा वाकला असेल तर तो अवश्य बदला. ती दुरुस्ती आहे. पण धड मॅनिफोल्ड काढून मोठा बसवायचा असेल, तर आपली गाडी दिवसातला किती वेळ वरच्या फेऱ्यांवर धावते, हे आधी स्वतःला विचारा.

महिन्याभराने तो वही घेऊन आला. गाळणी बदलून, गॅस्केट आणि कार्बुरेटर नीट केल्यावर सरासरी वेळ उतरला होता. मॅनिफोल्ड जुनाच होता. खर्चाचा घाट घरच्यांनीच मोडीत काढला होता. वहीतल्या शेवटच्या पानावर त्याने आणखी एक प्रश्न लिहून आणला होता: "धुराच्या नळीतही तरंग जात असतील ना?"

जात असतील का? तुमच्या वर्गाला विचारून पाहा.