माग थांबला, मोटर चालूच: चिपच्या वीजखर्चाचे गैरसमज

सोलापुरात यंत्रमागाच्या खडखडाटात वाढलेल्या माणसाला चिपचा वीजखर्च समजावणं सोपं जातं. धागा तुटून चादरीचा माग थांबला, पण मोटर घरघरत राहिली, तर मीटर फिरतोच.

चिप रिकामी बसली की वीज खात नाही, हा सर्वांत घट्ट रुजलेला गैरसमज. चिपमधला क्लॉक सेकंदाला लाखो-कोट्यवधी ठोके देतो. काम नसलेल्या भागातही ते ठोके पोचले, की तिथल्या तारा भरतात, रिकाम्या होतात आणि ऊर्जा उष्णता होऊन जाते. म्हणून डिझायनर त्या भागाचा क्लॉक अडवतो. यालाच क्लॉक गेटिंग म्हणतात. पण बंद ट्रान्झिस्टरमधूनही थोडा प्रवाह झिरपत असतो, आणि ही गळती उष्णतेत झपाट्याने वाढते. उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडणाऱ्या आपल्या गावात, पत्र्याखाली बसणाऱ्या उपकरणासाठी २५ अंशांवरचे आकडे पाहून समाधान मानणं चूकच. ही गळती रोखायची तर त्या भागाचा वीजपुरवठाच तोडावा लागतो.

क्लॉक हळू केला की बॅटरी वाचते, असंही मानतात. वेग निम्मा केला तर काम दुप्पट वेळ चालतं. स्विचिंगची एकूण ऊर्जा तेवढीच, वर गळतीला जास्त वेळ मिळतो. खरी बचत व्होल्टेजमध्ये आहे. स्विचिंगचा खर्च व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात असतो: ३ व्होल्टचे १.५ केले, की तो पावपट. वेग उतरवला की व्होल्टेजही उतरवता येतं, म्हणून दोन्ही जोडीनेच उतरवायचे.

ट्रान्झिस्टर जितका लहान तितकी वीज कमी, हे अर्धसत्य. स्विचिंगचा खर्च घटतो, गळती मात्र वाढू शकते. आयआयटी मुंबईचा २०१९ मधला 'अजित' प्रोसेसर मोहालीत १८० नॅनोमीटरवर घडला. हा आकार जुना म्हणून नाक मुरडणारे पुष्कळ. पण तासातून एकदा जागं होणाऱ्या सेन्सरच्या चिपला असा कमी गळणारा जुना आकारच कित्येकदा मानवतो.

सीआर२०३२ हा बटण सेल घ्या. त्यात साधारण २२० मिलिअँपिअर-तास असतात. सतत ५ मिलिअँपिअर घेतले तर तो ४४ तासांत संपतो. सरासरी ५ मायक्रोअँपिअरवर आणली तर हिशोबाने पाच वर्षं पुरतो. शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट करणाऱ्या मुलामुलींनो, मोठी बॅटरी आणण्याआधी मीटर लावून सर्किटचा झोपेतला प्रवाह मोजा.