विहीर खणण्यापूर्वीं खडकांचा कल पाहावा

शेजार्‍याच्या विहिरीस तीस फुटांवर पाणी लागावें आणि धुर्‍याच्या अलीकडे आपण पन्नास फूट खणूनहि विहीर कोरडी राहावी, असा अनुभव पुष्कळ ठिकाणीं येतो. दोष दैवास दिला जातो. परंतु अनेकदां खडकांचे थर न पाहिल्यामुळेंच पैसा मातींत जातो.

चंद्रपूर जिल्ह्यांत वर्धा नदीच्या खोर्‍यांत वाळू व गाळ थिजून झालेले गोंडवन खडक आहेत. भूगर्भशास्त्रज्ञ नाल्यानाल्यांतून हिंडून प्रत्येक थराचा दगड, कण, जाडी व कल नकाशावर टिपतात. त्यावरून त्या भूमीचा पूर्वेतिहास उलगडतो. तळच्या तालचीर थरांत बारीक चिखलांत लहानमोठे धोंडे सरमिसळ रुतलेले आहेत. वाहतें पाणी कण निवडून टाकतें. अशी सरमिसळ हिमाचें काम होय. १८७५ सालीं फेडन यांनीं चंद्रपूरनजीक इरई येथें हिमाच्या ओरखड्यांचा चुनखडक दाखवून दिला. त्यावर दलदलींतील अरण्यांचा दगडी कोळसा, आणि त्याच्याहि वर नद्यांनीं आणलेल्या वाळूचा कामठी वालुकाश्म. तालचीर थरांत पाणी अल्प. कामठी वालुकाश्मांत तें चांगलें मुरतें.

हे थर प्रथम बहुतेक आडवे पडले. पुढें भूकवच हलून ते कलले व ठिकठिकाणीं तुटून खचले. कल ५ अंश असेल, तर त्या दिशेनें दर १०० फुटांस थर सुमारें पावणेनऊ फूट खोल जातो. म्हणजे सपाट रानांत जमिनीच्या पातळीस उघडा दिसणारा थर ४०० फुटांवर ३५ फूट खोल सांपडेल. उलट बाजूस तो मुळींच नसेल. थर तुटले असतील तेथें मात्र हें गणित चालत नाहीं.

येथें एक फसगत संभवते. वालुकाश्माच्या पोटांत तिरप्या रेघा दिसतात. त्या नदीनें वाळू टाकतांना पडलेल्या असतात. तो थराचा कल नव्हे. कल मोजावयाचा तो वालुकाश्म व त्याखालील मातकट दगड यांच्या सांध्यावर. कोनमापकास ओळंबा बांधला तरी काम भागतें.

आमची विनंति इतकीच कीं, विहीर खणतांना प्रत्येक थराचा तुकडा खोली लिहून जपून ठेवावा. गांवांतील चार विहिरींची अशी नोंद जुळली, तर पांचवी विहीर खणणारास अंधारांत हात घालावा लागणार नाहीं.