काळोखाची वाटणी

रात्री वीज गेली की घरातला पहिला माणूस मेणबत्तीकडे नव्हे, खिडकीकडे धावतो. शेजारीही काळोख दिसला की त्याचा जीव भांड्यात पडतो. दोष आपल्या फ्यूजचा नाही! परंतु २००५ नंतरच्या तीव्र भारनियमनाच्या वर्षांत महाराष्ट्रात ही समता उरली नाही. ऐपत होती त्याने इन्व्हर्टर घेतला. एकाच जिन्यावर एका दाराआड पंखा फिरत राहिला, दुसऱ्या दाराआड दहावीचा विद्यार्थी कंदिलाची काच पुसत बसला.

इन्व्हर्टर वीज निर्माण करीत नाही, ही साधी गोष्ट येथे नजरेआड होते. वीज परतताच तो त्याच तारांतून ती ओढून घेतो. साठवणीत तिचा काही अंश वायाही जातो. तुटवडा मिटत नाही, तो कंदिलवाल्याच्या अंगावर सरकतो. गळती अधिक त्या वाहिनीवर भारनियमनही अधिक, असे सूत्र ठरल्याने नियमाने बिल भरणाऱ्या शिक्षकालाही आकडे टाकणाऱ्याइतकाच अंधार मिळाला.

पुण्यात २००६ साली उद्योगांची जनित्रे चालवून शहराला भारनियमनातून वगळण्यात आले. त्यासाठी मोठ्या ग्राहकांवर अधिभार बसला. पलंगाखालच्या बॅटरीपेक्षा हा मार्ग निश्चितच शहाणपणाचा. खेड्यांपुढे मात्र तो नव्हताच. तेथे ना जनित्रे होती, ना अधिभार सोसणारे ग्राहक.