घटस्फोटानंतर वाहनकर्जाचे काय?

मुलांचा ताबा, पोटगी आणि राहते घर यांविषयी घटस्फोटाच्या वेळी महिनोन्‌महिने चर्चा होते. वाहनाच्या वाट्याला मात्र संमतिपत्रातील एखादे वाक्य येते: ‘गाडी पतीकडे राहील व उर्वरित हप्ते तोच भरील.’ हे वाक्य वैध आहे, पण ते फक्त त्या दोघांना बांधते. ज्या बँकेने कर्ज दिले, ती त्या दाव्यात पक्षकार नसते. म्हणून तिचा मूळ करार जसाच्या तसा उभा राहतो.

समजा, भाजी दादरच्या बाजारात नेण्यासाठी पतीच्या नावे टेम्पो घेतला आणि पत्नीने सहकर्जदार म्हणून सही केली. भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम ४३ नुसार, संयुक्तपणे दिलेल्या वचनाची पूर्तता धनको कोणाही एकाकडून संपूर्णपणे मागू शकतो. ‘माझा वाटा निम्माच’ हा बचाव बँकेपुढे चालत नाही. पत्नी केवळ जामीनदार असली तरी कलम १२८ प्रमाणे, करारात वेगळे ठरले नसल्यास, तिची जबाबदारी मूळ कर्जदाराइतकीच असते. टेम्पो तिने वर्षभरात पाहिलाही नसेल. तरी थकलेल्या हप्त्यांची नोंद तिच्याही पतअहवालात होते आणि पुढे मुलांच्या शिक्षणासाठी कर्ज मागताना ती आडवी येते.

पतीने न भरलेले हप्ते पत्नीने भरले तर ती रक्कम त्याच्याकडून वसूल करण्याचा तिला हक्क आहे. मात्र त्यासाठी पुन्हा न्यायालयाची पायरी चढावी लागते. म्हणून संमतिपत्रात कर्ज खाते क्रमांक, शिल्लक रक्कम, कर्ज फेडण्याची अंतिम तारीख आणि कसूर झाल्यास भरपाईची हमी स्पष्ट लिहून घ्यावी. घटस्फोट अधिनियमाच्या कलम १०-अ प्रमाणे परस्परसंमतीचा अर्ज केल्यावर किमान सहा महिन्यांचा प्रतीक्षाकाळ असतो. त्या अवधीतही हप्ते चालूच राहतात; ते कोणी भरावेत हेही आधीच ठरवावे.

आपल्या समाजात आणखी एक गैरसमज आढळतो. धर्मप्रांतीय न्यायाधिकरणाने विवाह रद्दबातल ठरविला म्हणजे व्यवहारही मिटले, असे काहींना वाटते. तो निर्णय ख्रिस्तसभेच्या कायद्यापुरता आहे. दिवाणी दृष्ट्या विवाह संपविण्यास तो पुरेसा नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली मॉली जोसेफ प्रकरणात स्पष्ट केले. कर्जावर तर त्याचा काहीच परिणाम होत नाही. (गोव्यातील कौटुंबिक कायदा निराळा आहे, त्याचा विचार येथे केलेला नाही.)

खरी सुटका दोनच मार्गांनी होते. वाहन विकून कर्ज फेडावे, किंवा ज्याच्याकडे वाहन राहणार त्याने एकट्याच्या नावे नवे कर्ज घेऊन जुने बंद करावे. सहकर्जदाराचे नाव नुसते वगळावे अशी विनंती करता येते, परंतु उरलेल्या एकाचे उत्पन्न पुरेसे वाटल्याशिवाय बँका ती सहसा मान्य करीत नाहीत. विकून आलेली रक्कम कर्जाहून कमी पडली, तर तुटीची वाटणी त्याच वेळी लेखी ठरवावी. ही तूट कटू वाटते खरी, पण दरमहा व्याज वाढत जाणाऱ्या थकबाकीपेक्षा ती परवडते.

नोंदणीची बाबही तितकीच महत्त्वाची. वाहन एकाच्या नावे आणि चालविणारा दुसराच, अशी स्थिती राहू देऊ नये. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली नवीन कुमार प्रकरणात असे ठरविले, की वाहन दुसऱ्याच्या हाती गेले असले तरी परिवहन कार्यालयात ज्याचे नाव आहे तोच अपघाताच्या भरपाईस जबाबदार. विमा संपलेला असेल तर तो बोजा थेट नोंदणीकृत मालकावर येतो.

कर्ज फिटल्यावर बँकेकडून ना हरकत प्रमाणपत्र घ्यावे. ते नमुना ३५ सह प्रादेशिक परिवहन कार्यालयात देऊन नोंदणीवरील बोजा उतरवावा. मालकी बदलायची असल्यास नमुना २९ व ३० भरावेत आणि विम्यावरील नावही बदलून घ्यावे. वाहन स्वतःकडे राहणार नसले, तरी ना हरकत प्रमाणपत्राची एक प्रत सहकर्जदाराने मागून घ्यावी, आणि काही महिन्यांनी आपला पतअहवाल काढून ते खाते ‘बंद’ असे दिसते की नाही, हे पाहावे.