आठ सेकंदांचा हीरो!

सिक्स पॅक म्हणजेच फिटनेस? यवतमाळच्या एका गोलकीपरची गोष्ट वाचा आणि मग ठरवा!

'अॅथलीट' म्हटलं की डोळ्यांसमोर कोण येतं? सुसाट पळणारा उसेन बोल्ट, नाहीतर आपल्या जिममधला पिळदार इन्स्ट्रक्टर. आता हॉकीचा गोलकीपर आठवा. जाडजूड पॅड, हेल्मेट, अंगभर चिलखत आणि मुक्काम गोलपोस्टसमोर. हा कसला अॅथलीट, असं वाटतं ना? थांबा!

यवतमाळचा आकाश चिकटे असाच एक गोलकीपर. ऑक्टोबर २०१६. मलेशियातल्या कुआंटानमध्ये आशियाई चॅम्पियन्स ट्रॉफीची फायनल, समोर पाकिस्तान. श्रीजेश जखमी असल्याने गोलपोस्टची जबाबदारी आली आकाशवर. भारत ३-२ने जिंकला!

डोळ्यांआधी डोकं

जरा हिशेब करू. पेनल्टी कॉर्नरला ड्रॅगफ्लिक होते साधारण १४-१५ मीटरवरून. बॉलचा वेग ताशी ११० किमी धरला, तर तो अर्ध्या सेकंदातच गोलपाशी पोचतो. नुसतं 'दिसलं आणि हात हलला' यातच सुमारे ०.२ सेकंद जातात. उरलेल्या वेळात ३.६६ मीटर रुंद गोल कसा झाकणार? म्हणून कसलेला कीपर बॉल निघायच्या आधीच फ्लिकरचे खांदे, पाय, स्टिकचा कोन वाचायला लागतो. ताकद आणि चपळाई हवीच. पण ती कधी आणि कुठे वापरायची, हे कळणं म्हणजे खरी क्षमता!

डिसेंबर २०१७. भुवनेश्वरला हॉकी वर्ल्ड लीग फायनल्सची क्वार्टर फायनल. समोर रिओ ऑलिम्पिकचा रौप्यविजेता बेल्जियम. ३-३ बरोबरी, मग शूटआउट. इथे स्ट्रायकर २३ मीटरवरून बॉल घेऊन येतो, त्याच्याकडे फक्त आठ सेकंद. घाईघाईत झेप घेतली की कीपर संपला. थांबायचं, कोन बंद करायचा, समोरच्याला चुकायला लावायचं. सडन डेथपर्यंत गेलेली ही लढत भारताने जिंकली आणि हीरो ठरला आकाश.

गोष्टीची दुसरी बाजू

२०१८ मध्ये मात्र चटका बसला. स्टेरॉइड चाचणीत आकाश दोषी ठरला आणि 'नाडा'ने दोन वर्षांची बंदी घातली. दुखापतीसाठी घेतलेल्या औषधांमुळे हे झालं, असं त्याचं म्हणणं होतं. नियम मात्र स्पष्ट आहे : शरीरात जे सापडेल, त्याला खेळाडूच जबाबदार. गंमत बघा, स्टेरॉइडने स्नायू वाढतीलही. पण आठ सेकंद थांबण्याचा संयम कुठल्याच गोळीत मिळत नाही. तो वर्षानुवर्षांच्या सरावातूनच येतो. आणि औषधाची एक चूक तीच मोलाची वर्षं हिरावून नेते.

तेव्हा पुढच्या वेळी जिमच्या आरशात दंड बघताना स्वतःला विचारा, हे वापरायचं कधी, ते कळतंय का?

करून बघा!

मित्राला ३० सेंमीची पट्टी उभी धरायला सांगा. शून्याच्या खुणेपाशी तुमची बोटं उघडी ठेवा. न सांगता पट्टी सोडली की पकडा. २० सेंमीवर पकडलीत, तर तुमची वेळ सुमारे ०.२ सेकंद!